शिळ्या बातम्यांचं रजिस्टर

माझं अक्षर चांगलं नाही, आणि ऱ्हस्व कुठं, दीर्घ कुठं हे मला कधी पक्कं जमलं नाही. ही वही कोणाच्या हाती लागलीच तर त्यानं आधी त्याबद्दल माफ करावं. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही फुलसावंगीजवळच्या खेड्यात. एकच गुरुजी चारही वर्गांना एका खोलीत बसवायचे. पाचवीसाठी पायी दुसऱ्या गावाला जावं लागलं असतं, ते घरी पटलं नाही. लिहिणं तिथंच सुटलं. वाचणं सुटलं नाही, कारण वाचायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि कोणाशी बोलावंही लागत नाही.

बोलणं मला अवघड जातं. चार बाया जमल्या की मी कडेची जागा धरते. पण एकदा मला बोलावं लागलं, आणि मी बोलले. ते कसं झालं ते लिहून ठेवते आहे.

लग्न होऊन ढाणकीला आले तेव्हापासून मी पुड्या करते. पुड्या म्हणजे रद्दीच्या कागदाच्या लहान पिशव्या, किराणा दुकानात शेंगदाणे, फुटाणे भरून देतात त्या. बाजारातल्या रद्दीवाल्या चाचांकडून किलोवर वर्तमानपत्रं आणायची, मैद्याची खळ शिजवायची, कागद कापायचा, दुमडायचा, चिकटवायचा, वाळवायचा, आणि शंभराचे गठ्ठे बांधून चाचांनाच परत द्यायचे. पुढं दुकानांना ते पोचवतात. हातांना सवय झाली की डोळे मोकळे राहतात, मग मी वाचते. रद्दीत कागद जसे येतील तसे येतात. वर होळीचा, खाली दिवाळीचा. कितीदा मी निवडणुकीचा निकाल आधी वाचला आहे आणि प्रचाराची भाषणं नंतर. भाषणं मग फार करमणुकीची वाटतात.

कोरोना आला त्या वर्षी आधी सगळंच बंद पडलं. माझे मालक दुसऱ्याची काळीपिवळी जीप ढाणकी ते उमरखेड चालवतात, ती दारात उभी राहिली. पुड्या कोणी घेईना. कागदावरून रोग येतो म्हणून लोकांनी पेपरही बंद केले. दोन-अडीच महिन्यांनी चाचांनी दुकानाची अर्धी फळी उघडली तेव्हा त्यांच्याकडं रद्दीचा ढीग होता आणि घेणारी मी एकटी. त्या ढिगातून मी कोरोनाच्या बातम्या कापायला लागले.

कापून ठेवायला मोठं रजिस्टर घेतलं. एका पानाला एक तारीख. रद्दी उलटीसुलटी यायची म्हणून पानं कोरी सोडायची, आणि त्या तारखेचा कागद सापडला की तिथं चिकटवायचा. जिल्ह्यात आज किती, आपल्या तालुक्यात किती, हे चौकोनात छापून यायचं ते डाव्या बाजूला. औषधाचं, संशोधनाचं, डॉक्टरांनी सांगितलेलं उजव्या बाजूला. चौकोन कापल्यावर कागदाला खिडकी पडायची. मग उरलेल्याच्या बडीशेपेच्या बारक्या पुड्या करायच्या. कागद वाया घालवला नाही.

मालक हसायचे. "लोकं ताजी बातमी वाचते अन् तू शिळी. तुले कोरोना समजीन तवा तो निंगून गेला असन."

मी कापत राहिले. पण सहा-सात महिन्यांनी रजिस्टर भरत आलं तेव्हा मला एक गोष्ट दिसली, जी रोजचा पेपर रोज वाचून टाकून देणाऱ्याला दिसली नसती. उजवीकडची पानं एकमेकींना खोडत होती. एका पानावर एखाद्या गोळीचं नाव ठळक अक्षरात, की आता काळजी नाही. तीन महिन्यांपुढच्या पानावर तीच गोळी बारक्या अक्षरात, की उपयोग दिसला नाही. बरे झालेल्यांच्या रक्तातला पिवळा भाग दुसऱ्याला चढवायचा, त्यासाठी लोक धावाधाव करत होते. पुढं त्यावरही डॉक्टरांनी मान हलवली. कागदावरून, भाजीवरून रोग येतो म्हणत होते, ते हळूहळू म्हणेनासे झाले. शिळ्या बातमीचा फायदा हा, की तिला खोटं ठरायला वेळ मिळालेला असतो. जी तरीही खोटी ठरत नाही तिला धरून चालावं.

तशा थोड्याच उरल्या. तोंड झाकावं, दारं-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. वास गेला तर समजून घ्यावं. माणूस बोलतो-चालतो आहे म्हणून फसू नये, बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन पाहावा, आणि बसून पाहिला तेवढ्यावर थांबू नये, सहा मिनिटं चालवून पुन्हा पाहावा. ऑक्सिजन कमी पडला तर ऑक्सिजनच द्यावा लागतो, आणि स्टेरॉइड तेव्हा देतात, आधी नाही. पालथं झोपल्यानं फायदा होतो. एवढं मी रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून ठेवलं.

डावीकडच्या आकड्यांचीही एक चाल होती. आधी मोठ्या शहरांचा आकडा चढायचा, मग यवतमाळचा, मग पुसद-उमरखेडचा, आणि आमच्या गल्लीत खोकला ऐकू येईस्तोवर शहरात उतार लागलेला असायचा. मरणाचा आकडा आजाऱ्यांच्या आकड्यामागून दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं चालायचा. दुसऱ्या वर्षी थंडी सरताना चौकोनातले आकडे पुन्हा चढताना दिसले. मी पुड्यांच्या पैशांतून बोटाचं यंत्र विकत घेतलं. मालकांनी किंमत ऐकली आणि म्हणाले, "एवढ्यात माह्या दोन जोड चपला आल्या असत्या."

"एका माणसाले एकच जोड लागते," मी म्हटलं. घरात मी एवढं बोलते.

आता आमच्या भासऱ्यांबद्दल सांगते. भासरे म्हणजे मालकांचे थोरले भाऊ. आम्ही एकाच घरात राहतो. समोरच्या खोलीत त्यांची पिठाची गिरणी आहे, मागं जाऊबाईंची आणि माझी अशा दोन चुली. मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाही, त्यांच्या पुढ्यात बसत नाही, त्यांच्याशी बोलत नाही. आमच्याकडं तशी रीत आहे. तेही माझ्याशी बोलत नव्हते. काही लागलं तर दाराकडं पाहून म्हणायचे, "घरात चहा झाला असन तर बरं होईन." अठरा वर्षं असं चाललं होतं आणि कोणाचं काही अडलं नव्हतं. माणूस चांगला. गरीबाचं दळण आधी दळून देणारा. पण हट्टी, आणि अंगानं भारी.

उन्हाळ्याच्या तोंडाशी गिरणीवर गर्दी होते. वर्षाची हळद आणि तिखट लोक तेव्हाच दळून नेतात. त्या महिन्यात आमच्या घरात सगळेच खोकतात. भासरे दरवर्षी खोकतात, आणि दरवर्षी जाऊबाई त्यांना गूळ-हळद देतात. म्हणून त्या वर्षी ते खोकायला लागले तेव्हा कोणाच्या मनात काही आलं नाही. गिऱ्हाईक खोकत आलं तरी सगळे म्हणायचे, मिरचीचं आहे. गिरणीवाल्याच्या घरात खोकला दिसत नाही, तोच घात झाला.

एका सकाळी मी मागं खळ ढवळत होते. रबर जळाल्याचा वास आला, असा की डोळ्यांत पाणी आलं. जाऊबाई धावत समोर गेल्या, मी दारापर्यंत गेले. गिरणीचा पट्टा घासून धूर निघत होता, आणि भासरे त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभे राहून पायलीतलं धान्य मोजत होते.

"अहो, पट्टा जळून राह्यला ना," जाऊबाई ओरडल्या. "नाक गहाण ठेवलं काय?"

त्यांनी मागं वळून पाहिलं आणि बटण बंद केलं. "धूर दिसला नाई मले," म्हणाले.

धूर दिसला नाही, हे ठीक. वास का आला नाही? माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. मी जाऊबाईंना चुलीपाशी गाठून सांगितलं, "बाई, त्यायले वास येत नाई. हे चांगलं लक्षण नाई. बोटाचं पाहू द्या."

"दरसालचा खोकला हाय माय. मिरचीनं नाकं मरते त्यायचं. तू पुड्या करून करून डाक्टरीण झाली आता."

 मालकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "दादाले मी सांगू? उभ्यानं बाहेर काढन मले." तो दिवस गेला. दुसराही गेला. यंत्र माझ्या फडताळात, रजिस्टर खुंटीच्या पिशवीत, आणि मी पुड्या करत होते. हे दोन दिवस मी विसरले नाही. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी भासरे गिरणीच्या पायरीवरून आत येताना दाराची चौकट धरून उभे राहिले. एकच पायरी. तिथं उभं राहून त्यांनी दोनदा श्वास घेतला आणि मग पाऊल टाकलं. मग खाटेवर बसून म्हणाले, "उन्हाचं लागलं."

मी फडताळातून यंत्र काढलं. पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला, तोंडाला बांधून घेतलं आणि त्यांच्या खाटेसमोर जाऊन उभी राहिले. जाऊबाई पाणी घेऊन येत होत्या, त्या मधेच थांबल्या.

"भाऊजी, हात द्या," मी म्हटलं.

माझा आवाज त्यांनी घरात ऐकला असेल, पण त्यांच्या दिशेनं आलेला पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी जाऊबाईंकडं पाहिलं, जशी काही भिंत बोलली. मग हात पुढं केला. मला वाटतं ते इतके गांगरले होते की नाही म्हणायचं राहून गेलं. बोटं तिखटानं लाल होती. मी ओल्या फडक्यानं बोट पुसलं, कोरडं केलं, यंत्र लावलं. आकडा स्थिर होऊ दिला. पंच्याण्णव.

"पाह्य," जाऊबाई म्हणाल्या. "चांगलाच हाय ना."

"बसून पाहून भागत नाई," मी म्हटलं. "भाऊजी, आंगणात चाला. सहा मिनिटं."

"कायले?"

"चाला म्हणते ना मी."

ते उठले. अंगणात बाभळीच्या सावलीतून गिरणीच्या मागच्या दारापर्यंत आणि परत. मालक तेवढ्यात आले आणि भावाला माझ्या सांगण्यावरून फेऱ्या मारताना पाहून दारातच थबकले. शेजारची म्हातारी कुंपणावरून म्हणाली, "काय गं, बैल कायले फिरवून राह्यली उन्हात?" कोणी हसलं नाही. चौथ्या मिनिटाला त्यांना पुढं पाऊल टाकवेना. मी खाटेवर बसवून पुन्हा बोट घेतलं. एकोणनव्वद.

मी यंत्र दुसऱ्या बोटाला लावलं. स्वतःच्या बोटाला लावलं, अठ्ठ्याण्णव. पुन्हा त्यांच्या. नव्वद, मग एकोणनव्वद. यंत्र चुकत नव्हतं.

"गाडी काढा," मी मालकांना म्हटलं. "पुसदले. आत्ता." एकोणनव्वद ऐकल्याबरोबर मालकांनी उमरखेडच्या दवाखान्याला फोन लावला होता, तिथं खाट नव्हती. पुसदच्या एका खाजगी दवाखान्यात खाट मिळत होती, पण आधी चाळीस हजार भरायचे होते. घरात सात होते. गिरणीचे पैसे थकलेले, मालकांचा वर्षभर धंदा बसलेला.

मी वाटेत चाचांच्या दुकानापाशी गाडी थांबवली. त्यांचे रोजे चालू होते, अर्ध्या फळीआड बसून ते तसबी, म्हणजे जपमाळ, फिरवत होते. मी गाडीतून उतरून दूर उभी राहिले.

"चाचा, भासऱ्यायले पुसदले नेऊन राह्यलो. चाळीस हजार पाह्यजे. माह्या नावावर."

चाचांनी गाडीकडं पाहिलं. खिडक्या उघड्या, मागच्या बाकावर भासरे टेकून बसलेले. "तुम्हारे नाम पे?" ते म्हणाले. "अठारह साल में तुमने मुझसे दस रुपये उधार नहीं लिये."

"आता घेते."

ते आत गेले, कापडाची पिशवी घेऊन आले आणि पायरीवर ठेवून मागं सरले, म्हणजे मी उचलावी. "पुड्या में कटेगा," म्हणाले. "मरने के पहले पूरा कर देना."

"तुम्ही मरण्याआधी की मी?"

"जो पहले," चाचा म्हणाले आणि पुन्हा तसबी घेऊन बसले.

दवाखान्यात सगळ्यांचीच तपासणी झाली. मालक आणि जाऊबाई दोघंही पॉझिटिव्ह निघाले, पण ऑक्सिजन चांगला होता. डॉक्टरांनी त्यांना घरी वेगळं राहायला सांगून परत पाठवलं. चौघांत निगेटिव्ह मी एकटी. अठरा वर्षं ज्यांच्यासमोर मी बसले नव्हते, त्यांच्याजवळ आता मलाच राहायचं होतं.

भासऱ्यांच्या नाकाला नळी लागली. ऑक्सिजन चालू झाल्यावर आकडा त्र्याण्णव-चौऱ्याण्णववर आला आणि तिथंच अडला. स्टेरॉइड सुरू झालं. संध्याकाळी जाऊबाईंच्या भावाचा फोन आला. त्याला सगळे मानतात, तो मोठ्या गावाला राहतो.

"रेमडेसिविर देल्लं काय?"

"नाई," मी म्हटलं.

"नाई म्हणजे? अरे काय करून राह्यले ते तिथी? नांदेडात एक माणूस हाय, तीस हजारात एक देते. सहा लागतीन. तू फक्त हाव म्हण, मी पाठवतो."

थोड्या वेळानं जाऊबाईंचा फोन आला. त्या रडत होत्या. "माही पोत मोड. कानातले मोड. ते इंजेक्शन आण. पैशापायी माणूस गेला असं होऊ देऊ नको."

मला त्या इंजेक्शनाची रजिस्टरमधली पानं आठवत होती. पहिली ठळक होती. मधली अशी, की काहींना दवाखान्यातले दिवस कमी लागतात. नंतरची अशी, की जीव वाचतोच असं दिसलं नाही. सरसकट वाईट नाही, आणि सरसकट तारणहारही नाही. पण मी चौथी शिकलेली बाई, आणि प्रश्न दुसऱ्या बाईच्या कुंकवाचा. माझ्या रजिस्टरावर तो निर्णय मी घेतला नसता. विचारणं मात्र माझ्या हातात होतं.

"बाई," मी म्हटलं, "मी आधी डॉक्टरले विचारते. ते म्हणतीन लागते, तर उद्या पोत मोडू. विचारल्याबिगर एक मणी मोडायचा नाई."

"तू विचारशीन?" जाऊबाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच वाटत नव्हतं.

डॉक्टर तरुण बाई होत्या. पांढऱ्या पोशाखात पायापासून डोक्यापर्यंत झाकलेल्या, नुसते डोळे दिसायचे. त्या खाटेपाशी आल्या तेव्हा मी जमिनीकडं पाहून नाही, त्यांच्या डोळ्यांकडं पाहून विचारलं. रेमडेसिविर लागणारच आहे का, बाहेरून आणायचं म्हणतात, तुमचं काय म्हणणं.

त्यांनी कागद पाहिला. "ताप कधीपासून होता?"

"ताप सांगितला नाही त्यांनी. वास गेलेला मला दोन दिवसांपूर्वी दिसला. खोकला त्याआधी सात-आठ दिवस."

"म्हणजे नववा-दहावा दिवस. मावशी, ते औषध दिलं तर लवकर द्यायचं असतं. आता त्यानं फार फरक पडेल असं मी म्हणणार नाही. काळ्या बाजारातून तर अजिबात आणू नका, बाटलीत काय असेल सांगता येत नाही. ऑक्सिजन आणि स्टेरॉइड चाललं आहे, त्याचीच त्यांना गरज आहे. पालथे झोपतात का?"

"नाही म्हणतात."

"मग ते करून घ्या. तेही औषधच आहे."

त्या निघाल्या तशी मी आणखी एक विचारलं. "दोन दिवस आधी आणलं असतं तर?"

त्या थांबल्या. "माहीत नाही, मावशी. खरंच सांगता येत नाही."

त्या उत्तरानंतर माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला. माझ्या रजिस्टरमध्ये ज्या डॉक्टरांनी 'अजून माहीत नाही' म्हटलं होतं, त्यांचीच पानं पुढं खोटी ठरली नव्हती. मी जाऊबाईंना फोन करून सांगितलं, पोत गळ्यात राहू द्या. त्यांच्या भावाला सांगायला मात्र मी त्यांनाच लावलं. तेवढं धाडस माझ्यात नव्हतं.

आता पालथं झोपवायचं. भासरे ऐकेनात. पोट मोठं, त्यात नाकाला नळी, आणि समोर लहान भावाची बायको. "मी काय रांगतं पोर हाय," ते वरच्या पंख्याकडं पाहून म्हणाले. "लाज असते माणसाले."

मी उशा हातात घेतल्या. मग सुचलं ते बोलले. "भाऊजी, तोंड भिंतीकडं करून पालथे व्हा. मंग तुम्हाले मी दिसतच नाई. रीत बी राहीन अन् श्वास बी राहीन."

शेजारच्या खाटेवरचे पुसदचे म्हातारे मास्तर नळीतूनच हसले आणि खोकले. "ऐका तिचं," ते म्हणाले. "मला असं सांगणारी कोणी असती तर मी डोक्यावर उभा राहिलो असतो."

भासरे उताणे पडून होते ते कुशीवर झाले, मग कण्हत पालथे. मी छातीखाली आणि कमरेखाली उशा सरकवल्या. अर्ध्या तासानं बोट पाहिलं तर शहाण्णव. मी आकडा मोठ्यानं वाचला. ते तसेच पालथे राहिले. त्यानंतर दिवसातून चार वेळा मी "भाऊजी, भिंत" एवढंच म्हणायचे आणि ते वळायचे.

सगळं सरळ झालं नाही. पाचव्या दिवशी आकडा पालथं असूनही एक्क्याण्णववर आला आणि ऑक्सिजन वाढवावा लागला. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले. पाठ केलेलं सगळं करून झालं होतं आणि पुढं काय करायचं ते पुठ्ठ्यावर लिहिलेलं नव्हतं. मी नुसती बोट धरून बसले. रीतभात आठवली नाही. सातव्या दिवशी आकडा वर निघाला आणि मग खाली आला नाही. दरम्यान पैसे संपले. चाचांनी कोणाच्या तरी हाती आणखी वीस हजार पाठवले. मी मागितले नव्हते.

बारा दिवसांनी सोडलं. निघताना डॉक्टर बाई म्हणाल्या, "स्टेरॉइडनं साखर वाढते. घरी गेल्यावर रोज तपासा. नाक चोंदलं, डोळा दुखला, गाल सुजला तर थांबू नका, लगेच या. नवीन एक बुरशीचा आजार दिसतो आहे." हे माझ्या रजिस्टरमध्ये कुठंच नव्हतं. ते इतकं नवीन होतं की रद्दीत यायला वेळ होता. शिळ्या बातमीच्या जोरावर मी चार लोकांत बोलायला लागले होते, पण तिलाही एक बाजू लंगडी आहे हे तेव्हा कळलं. त्या आठवड्यापासून मी रविवारचा ताजा पेपर विकत घेते. तो वाचते, पण महिनाभर कापत नाही.

भासऱ्यांची साखर वाढली होती, गोळ्यांनी उतरली. त्या वर्षीचं उरलेलं तिखट मालकांनी दळलं. आमच्या घरात रीत पुन्हा बसली, पण पूर्वीसारखी घट्ट नाही. भासरे अजून चहा दारालाच मागतात. पण प्रकृतीचं काही असलं की सरळ मला विचारतात, आणि लस घ्यायची की नाही हे त्यांनी मालकांना नाही, मला विचारलं. मी रजिस्टर काढून पानं वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी ते स्वतः रांगेत उभे राहिले आणि गिरणीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटले. जाऊबाई म्हणतात, "एवढं तर ते दळणाचा भाव बी सांगत नाई."

आता चौकोन छापून येत नाही. कधीतरी आतल्या पानावर चार ओळी असतात, की कोरोनाचा नवा प्रकार कुठं दिसला. मी त्या कापते. गल्लीतल्या बाया घरात ताप-खोकला आला की यंत्र मागायला येतात, मी यंत्र देते आणि सहा मिनिटं चालवायला सांगते. कडेच्या जागेवरूनच सांगते, पण सांगते.

साठ हजार माझ्या नावावर होते. भासरे म्हणाले होते, आजारी मी होतो, तू कायले फेडतं. मी म्हटलं, मागितले मी, फेडीन मी. शेवटी असं ठरलं, की दर आठवड्याला पुड्यांमधून तीनशे कापले जातील, आणि दर उन्हाळ्यात तिखट-हळदीच्या दळणाचे पाच हजार ते देतील. चाचांनी व्याजाचं नावही काढलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, त्यांच्यात व्याज घेत नाहीत, आणि घेत असते तरी माझ्या पुड्यांची खळ त्यांना बाजारात मिळत नाही.

तीन वर्षं लागली. एकदा पावसाळ्यात दोन महिने पुड्याच झाल्या नाहीत, कागद वाळेना. एकदा माझ्या हाताला खळीनं भेगा पडल्या. तरी हप्ता पुढं-मागं झाला, बुडला नाही. या हंगामाचं दळण संपलं तशी भासऱ्यांनी पाच हजार मोजून माझ्या हातात दिले, हातातच, दाराला नाही. मी ते आणि त्या आठवड्याच्या पुड्यांचे गठ्ठे घेऊन बाजारात गेले. चाचांनी आधी गठ्ठे मोजले, मग नोटा. चष्मा लावून वहीत माझ्या नावाखालची शेवटची ओळ लिहिली आणि वही माझ्याकडं फिरवली, म्हणजे मी वाचावी. मी वाचली. बरोबर होती. पैसे पूर्ण फिटले.